तू बसा

माझं तोंड फटकळ आहे, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. ऐन सणाच्या आठवड्यात कुणी पँटची उंची कमी करायला घेऊन येतं आणि वर 'संध्याकाळी मिळेल ना' विचारतं, तेव्हा मी जे बोलते ते समोरच्या औषधांच्या दुकानापर्यंत ऐकू जातं. नवऱ्याला मी बोलते. सासऱ्यांना बोलते, जरा अदबीनं, पण बोलते. शिलाई मशिनला तर दिवसभर काही ना काही ऐकवत असते. दोन वर्षांत एकाच माणसाशी मी चढ्या आवाजात बोलले नव्हते. ती म्हणजे माझ्या नवऱ्याची मुलगी.

'नवऱ्याची मुलगी' असं म्हणते, कारण तेव्हा ते तसंच होतं. तिची आई ती लहान असतानाच गेली. नवरा शिलाई मशिनं दुरुस्त करतो. माझं मशिन दोरे तोडायला लागलं म्हणून तो एकदा आला, मग मशिन धडधाकट असतानाही येत राहिला, आणि चाळिशी उलटल्यावर आम्ही दोघांनी लग्न केलं. मुलीला तो भिंगरी म्हणतो. लहानपणी ती म्हणे एका जागी ठरायचीच नाही. मी घरात आले तोवर ते फिरणं थांबलेलं होतं. शाळेतून यायची, दप्तर खुंटीला लावायची, आपलं ताट आपण धुवायची, आणि माझ्याशी बोलायची ते 'तुम्ही' म्हणून.

तुम्ही म्हटलं तर बिघडलं काय, असं कुणीही म्हणेल. मुलगी मान देते. पण सासूला तुम्ही म्हणतात, शाळेतल्या बाईंना म्हणतात. आईला कुणी म्हणत नाही. आईला 'अगं' म्हणतात, 'जा बाई' म्हणतात, तिच्याशी कडाकडा भांडतात. भिंगरी तर मला काही हाकच मारायची नाही. काम पडलं की दारात उभी राहून खाकरायची. चौदा वर्षांची पोर, म्हाताऱ्या कारकुनासारखी खाकरायची.

नवऱ्याला मी एकदा हे बोलून गेले होते. तो माझं मशिन उघडून बसला होता. म्हटलं, "मला बाकी काही नको रे. एकदा तिनं मला अगं म्हणावं." तो म्हणाला, "म्हणेल की." तोंडात स्क्रू धरलेले होते, त्यामुळे मला वाटलं, त्यानं नीट ऐकलंच नसेल.

यंदा नाताळात हात आखडता होता. ज्या कारखान्यातली मशिनं तो सांभाळायचा तो कारखाना बंद पडला होता, आणि माझ्या शिवणावर घर चालत होतं, पण चालतच होतं, धावत नव्हतं. तेव्हा त्यानं जेवताना फर्मान काढलं. दुकानातून काहीही आणायचं नाही. चिठ्ठ्या टाकायच्या, आणि जो निघेल त्याला एकच भेट द्यायची. घरातलं काही द्या, हातानं केलेलं द्या, नाहीतर नुसतं तोंडानं द्या.

"तोंडानं म्हणजे कसं?" सासऱ्यांनी विचारलं.

"म्हणजे गाणं म्हणा. नाहीतर गप्प बसा," नवरा म्हणाला.

मला सासऱ्यांची चिठ्ठी आली, सासऱ्यांना त्यांच्या मुलाची, नवऱ्याला भिंगरीची. उरले मी. भिंगरीनं चिठ्ठी उघडली, माझ्याकडे बघितलं आणि घडी करून खिशात टाकली.

घर सजवायला काही लागलं नाही. कापड बेतायच्या कागदाची मी चांदणी केली. तिच्या एका टोकावर 'मागची बाजू' असं पेन्सिलीनं लिहिलेलं राहून गेलं, ते नंतर दिसलं. तरी खिडकीत दिवा लावल्यावर ती बरी दिसायची. जेवण साधंच ठरलं होतं: सूप, भाजलेले बटाटे, पाव आणि मी आदल्या दिवशी करून ठेवलेला केक.

नाताळच्या सकाळी चर्चमधली उपासना आटोपून आम्ही घरी आलो. कपडे बेतायचं मोठं टेबल हेच आमचं जेवायचं टेबल. ते रिकामं केलं आणि भेटी निघाल्या. नवऱ्यानं भंगारातल्या एका मशिनचा सांगाडा घासूनपुसून भिंगरीसाठी टेबलावरचा दिवा केला होता. तिनं तो लावला, बंद केला, पुन्हा लावला. "बाबा, भारी झालाय," ती म्हणाली. मी सासऱ्यांच्या टोपीला आतून लोकरीचं अस्तर लावलं होतं. त्यांनी ती तिथेच डोक्यावर चढवली. मग ते उभे राहिले आणि घसा साफ करून आपल्या मुलाला म्हणाले, "आज दिवस मावळेपर्यंत मी तुला एकही सल्ला देणार नाही." नवऱ्यानं टाळ्या वाजवल्या. लगेच तो काठोकाठ भरलेल्या किटलीतून चहा ओतायला उठला, तोही झाकण न दाबता. सासऱ्यांची मिशी थरथरली. शेवटी त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

आता भिंगरीची पाळी. ती उठली. तिनं आधी बापाकडे बघितलं. त्यानं मान हलवली. शाळेच्या कार्यक्रमात पोराला कविता आठवावी म्हणून आईबाप प्रेक्षकांतून हलवतात तशी.

"आई," ती म्हणाली, "तू... तू बसा."

मी उभी होते, ती खाली बसले. पहिल्या क्षणी तो शब्द सरळ काळजात गेला, खोटं कशाला बोलू. कितीदा तरी मी मनातल्या मनात तो ऐकला होता. आणि मग मला नवऱ्याचा चेहरा दिसला. आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. भेट कुणाच्या डोक्यातून निघाली होती, हे मला तिथेच कळलं.

मग सकाळभर तेच चाललं. "तू चहा घेणार का... घ्याल... घेशील?" "आई, तुझा... तुमचा चष्मा इथे आहे." ओल्या फरशीवरून चालावं तशी ती प्रत्येक वाक्यातून चालत होती. मग तिनं युक्ती काढली. ज्यात तूही नाही आणि तुम्हीही नाही अशीच वाक्यं बोलायला लागली. "मीठ संपत आलंय." "बाहेर वारा सुटलाय." सासऱ्यांना तिचं व्याकरण सुधारायची अशी काही घाई झाली होती, की ते दोनदा उठून पुन्हा बसले. पण त्यांनी तोंडाला कुलूप लावून घेतलेलं होतं.

तिचे कान लाल झालेले मी बघत होते. या घरात 'आई' हा शब्द शेवटचा तिनं कुणासाठी वापरला होता, ते मला माहीत होतं. तो तिनं कुठेतरी आत नीट ठेवला असणार. आणि आज पैसे पडत नाहीत म्हणून तो बाहेर काढून मला देऊन टाकायला कुणीतरी तिला सांगितलं होतं. मला लाज वाटली. पण मी काही संत नाही. मनात असंही आलं, की राहू दे. चार दिवस अडखळेल, मग तोंडात बसेल. नव्या वर्षात सरळ 'अगं आई' म्हणायला लागेल, आणि त्याची सुरुवात कशी झाली, हे कोण विचारायला येणार आहे? बटाटे सोलता सोलता मी बराच वेळ हाच विचार करत होते.

ती शेजारी उभी राहून सोलत होती. तिनं खाकरून विचारलं, "आई, तुला... बारीक हवेत की मोठे?" त्या खाकरण्यानं माझं ठरलं.

"भिंगरी, ही भेट परत घे," मी म्हणाले.

तिची सुरी थांबली. "आवडली नाही?"

"आवडली. फार आवडली, म्हणूनच म्हणते. बाबांनी सांगितलं ना?"

"बाबा म्हणाले, तुम्हाला हेच हवंय. आणि याला काही खर्च नाही."

"तुझ्या बाबांना स्क्रू ड्रायव्हरनं जे उघडत नाही ते कळत नाही. तू मला तुम्हीच म्हण. आई म्हणू नकोस, काही म्हणू नकोस. हवं तर खाकर."

तिनं सोडलेला श्वास मला ऐकू आला. तो मला लागला, पण तिचे खांदे खाली आलेले बघून बरंही वाटलं.

"राग आला का तुम्हाला?"

"आला. तुझ्या बाबांचा."

"मग ओरडणार त्यांच्यावर?"

"जेवण झाल्यावर. सणाच्या दिवशी उपाशीपोटी नको."

ती हसली. मग बटाट्यावरची नजर न काढता म्हणाली, "माझ्यावर नाही ओरडत तुम्ही कधी."

"तुझ्यावर कशाला ओरडू? तू शहाणी मुलगी आहेस."

"मी नाहीये शहाणी. मागे मी तुमच्या मोठ्या कात्रीनं पुठ्ठा कापला होता. धार गेली तिची. तुम्हाला कळलं होतं मी कापला ते. बाबांनी एकदा तसंच केलं तर तुम्ही त्यांना चार दिवस बोलत होता. आजोबांनी दोरी कापली तर त्यांनाही सोडलं नाहीत. मला काय म्हणालात? 'असू दे हं.'" ती थांबली. "असू दे हं, असं पाहुण्यांना म्हणतात."

माझ्या हातातला बटाटा तसाच राहिला. दोन वर्षं मला वाटत होतं, मी तिला जपते आहे. घरात शिरल्या दिवसापासून मी ठरवलं होतं, या पोरीला आपल्या जिभेचा चटका लागू द्यायचा नाही. आणि ती बिचारी कानांनी वाट बघत बसली होती, की आपली पाळी कधी येते. ती मला तोंडानं तुम्ही म्हणत होती, आणि मी तिला न बोलता तेच म्हणत होते. मला आधी का नाही दिसलं हे? लोकांच्या कपड्यांतली सुताएवढी चूक मला दिसते.

"बरं," मी म्हणाले, "मग आता ओरडते." तोंड उघडलं. काही आलंच नाही. "कात्रीनं... कापडाच्या कात्रीनं पुठ्ठा कापायचा नसतो."

"हे ओरडणं नाही," ती म्हणाली.

"नाही," मी कबूल केलं. आम्ही दोघी हसलो, पण तिचं हसू माझ्या आधी संपलं.

जेवायची वेळ झाली. बेकरीवाल्याचा पांढरा कोट माझ्याकडे बाह्या आखूड करायला आला होता. एक बाही उसवून, इस्त्री करून मी स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली होती. सणाची सुट्टी संपली की सकाळी त्याला कोट अंगात घालून कामावर उभं राहायचं होतं. मी टेबलावर पाव मांडत होते आणि भिंगरी सुपाचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून आली. पातेलं तापलेलं होतं, म्हणून तिनं हाताशी सापडलं त्या फडक्यानं ते धरलं होतं. ते फडकं म्हणजे बाही होती. पातेल्याच्या बुडाचा काळा गोल बाहीवर मनगटाजवळ छान उमटला होता.

"अगं ए! डोळे कुठे ठेवलेस तुझे? गिऱ्हाइकाची बाही आहे ती! धुतलेली, इस्त्री केलेली! चौदा वर्षांची घोडी झालीस, शिवणाच्या घरात राहतेस, आणि फडकं कुठलं न् बाही कुठली एवढं कळू नये? बघून हात घालायला काय झालं होतं? त्या माणसानं काय काळी बाही घालून पाव भाजायचे? ठेव ते पातेलं आधी! तिथे नाही, लाकडावर ठेव! तुझा बाप तसा, तू तशी, एकाला मेलं कपड्याचं सोयरसुतक नाही या घरात!"

आणखीही काही बोलले असेन. समोरच्या औषधांच्या दुकानात विचारलं तर ते सांगतील. मध्येच कधीतरी मला माझा आवाज ऐकू आला आणि मी थांबले. नवरा पावाचा तुकडा हातात धरून माझ्याकडे बघत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. सासरे टोपीसकट ताटात बघत होते. मला वाटलं, संपलं. दोन वर्षांचं सगळं एका बाहीपायी घालवलं.

भिंगरीनं पातेलं लाकडी पाटावर ठेवलं. बाही उलटीसुलटी करून बघितली. तिचेही गाल तापले होते, पण डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. तिनं सरळ माझ्याकडे बघितलं.

"बाही बाहीच्या जागी ठेवायची ना मग," ती म्हणाली. "तुम्हीच सगळ्या घरात पसारा करून ठेवता, आणि वर आम्हालाच बोलता."

आम्हाला. बाप, आजोबा आणि ती.

"साबण लाव तिला," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. डाग वाळला तर जायचा नाही."

"लावतेय. सूप निवलं की मग त्यावरूनही बोलाल."

"उलट उत्तर देऊ नकोस."

ती न्हाणीत गेली, नळ सोडला, आणि पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून उलट उत्तरं देत राहिली. तुम्ही असं करता, तुम्ही तसं करता, तुम्हाला ना जरासुद्धा धीर नाही. मी पाव हातात घेऊन उभी राहिले आणि एकूण एक ऐकून घेतलं.