झिजलेले राजे

शनिवारी संध्याकाळी क्लिफर्ड शेतावरून परतला, तेव्हा रोवेना नेहमीसारखी स्वयंपाकघरात पुस्तक घेऊन बसली होती. गव्हाची कापणी होऊन इंग्लंडातल्या लिंकनशरची रानं मोकळी झाली, की जुनी नाणी शोधायच्या नादात म्हाताऱ्याचा पाय घरात ठरत नसे. खांद्यावरचा मेटल डिटेक्टर दाराशी टेकवून त्याने तिच्या उघड्या पानावर चांदीचं एक नाणं ठेवलं.

"सांग बघू, कोण?"

"बाबा, चिखल लागतोय पुस्तकाला."

"लागू दे. कोण ते सांग."

तिने नाणं बोटाने बाजूला सारलं. "कुणीच नाही. गुळगुळीत आहे."

"टक्कल पडलं म्हणून राजा काय राजा राहत नाही?" तो आपल्याच विनोदावर हसला, नाणं तंबाखूच्या जुन्या डब्यात टाकलं आणि चहाला किटली ठेवली. "उद्या बुल्मरबाईंच्या वरच्या रानात जाणार आहे. येतेस?"

"पुढच्या आठवड्यात बघू."

हा प्रश्न नेहमीचा, हे उत्तरही नेहमीचं. टोस्टवर बीन्स घेऊन दोघं जेवली. भांडी त्याने विसळली, तिने पुसली.

सकाळी ती चहा घेऊन वर गेली. थोड्या वेळाने तोच कप, तसाच भरलेला, घेऊन खाली आली. कुणाला फोन करायचा हेच तिला सुचेना.

नंतरचे दिवस सह्या करण्यात आणि लोकांना "ठीक आहे मी" म्हणण्यात गेले. रात्रभर झोपूनही थकवा उतरत नव्हता. त्याचे कपडे धर्मादाय दुकानात गेले, बूट गेले, दाढीचा ब्रशही गेला. राहिला तो डबा आणि दाराशी टेकलेला डिटेक्टर. सापडलेल्या चांगल्या नाण्यांत शेतमालकिणीचा निम्मा वाटा ठरलेला होता आणि क्लिफर्डने तो कधी बुडवला नाही. पण डब्यातली ही नाणी चेहरे पुसलेली. बुल्मरबाईंनी "असले राजे तुम्हालाच लखलाभ" म्हणून केव्हाच परत केलेली.

"सोनाराला वजनावर दे आणि मोकळी हो," भाऊ गॅरेथ फोनवर म्हणाला.

मोकळं तर तिलाही व्हायचं होतं. तिने दोनदा डबा पिशवीत घातला, दारापर्यंत गेली आणि परत फडताळात ठेवून आली.

एका दुपारी नॉरिस आला. क्लिफर्डबरोबर अर्धं आयुष्य त्याने रानं पालथी घातली होती. त्याने डबा कानाशी हलवून पाहिला.

"सोनाराला? अगं, एका जेवणाचे पैसेसुद्धा सुटायचे नाहीत. आमच्या क्लबला दे. वसंतात मेळावा असतो, तेव्हा असली झिजकी चांदी आम्ही रानात पेरतो. नव्या लोकांना काहीतरी सापडायला नको? नाहीतर दिवसभर नुसती बाटल्यांची झाकणं उकरतात बिचारे."

"म्हणजे बाबांनी आयुष्यभर उकरून काढलं ते तुम्ही पुन्हा पुरणार?"

"तोच पेरायचा दरवर्षी." नॉरिसने बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून आत पडलं. "तुझ्यासाठीही पेरलंय की त्याने. बाहेर तुझा तो वाचायचा बाक आहे ना, त्याच्याखाली."

"काय पेरलंय?"

"एक सहा पेन्सचं नाणं. तू कॉलेजात होतीस तेव्हा पुरलेलं. एक दिवस तू 'द्या इकडे ते यंत्र' म्हणशील, आणि पहिल्याच दिवशी हात रिकामा राहायला नको, म्हणून. हट्टी कुठला. दर एक जानेवारीला जाऊन यंत्र फिरवायचा, अजून आहे ना बघायला. मी म्हणायचो, क्लिफ, सरळ सांगून टाक पोरीला. तर म्हणे, सांगितलं तर सापडलं कसं म्हणायचं?"

रोवेनाने चमच्याने त्याच्या कपातलं बुडालेलं बिस्किट काढून बशीत ठेवलं.

नॉरिस गेल्यावर तिने डिटेक्टर उचलला. हेडफोन तिला सैल झाले. बाक सरकवून ती गवतावरून यंत्र वेडंवाकडं फिरवू लागली. प्रथम नुसती खरखर. मग कानात एक स्वच्छ, उंच सूर लागला. ती गुडघ्यांवर बसली, बाबांच्या खुरप्याने गवताचं ढेकूळ अलगद उचललं आणि त्याखालची माती बोटांनी चाळली.

नाणं नखाएवढं होतं. घासायचं नाही, एवढं ऐकून ऐकून तिला पाठ होतं. घरात येऊन तिने ते नळाखाली धरलं आणि खिडकीच्या उजेडात तिरकं केलं. अक्षरं गेली होती, नाक-डोळे गेले होते. ती किती तरी वेळ पाहत राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच ती नीट पाहत होती. मग मानेमागे एक हलकासा उंचवटा दिसला. केसांचा अंबाडा, बाबा नेहमी वर्णन करायचे तसा.

टेबलावर डबा होता. उद्या तो नॉरिसकडे पोचवायचा. हे एक मात्र इथेच राहील.

तिने ते क्लिफर्डच्या जागेसमोर ठेवलं.

"राजा नाही, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "राणी आहे. व्हिक्टोरिया. तरुणपणची."