प्रेसपुढचा पत्रा

“तुझीच बाजू उघडी पडलीय! कागदासारखा पातळ तुकडा आणलास भंगारातून!”

“आणि तुझा जाड? म्हशीची पाठ नुसती! वाकायलाच नको तिला!”

थोरल्याने कॉलर धरली. धाकट्याने त्याला ढकललं ते थेट माझ्यावर. सख्खे भाऊ ज्याच्यापायी एकमेकांच्या जिवावर उठलेत, तो पत्रा मी बोलतोय.

माझा जन्मच माराचा. भट्टीत वितळलो, रोलरांखाली चेंगरलो, कातरीत तुटलो. मग या दोघांनी आपापला तुकडा आणून वेल्डिंगच्या आगीने दोन्ही एकमेकांना जोडले. तो सांधा कडक. वाकण्याआधी फाटेल असा.

समोरच्या प्रेसने, साचा आपटून पत्रा दाबणाऱ्या यंत्राने, यांच्या बापाची तीन बोटं खाल्ली. उद्यापासून त्याच्या जागी आई बसणार. तिचा हात साच्याखाली जाऊ नये म्हणून मला काटकोनात वाकवून प्रेसपुढे बोल्टांनी आवळलंय. खाली फट राहता कामा नये. आणि फट राहिलीच!

राहणारच. वाकवून सोडलं की मी थोडा मागे येतो, ही माझी जातच आहे. पातळ बाजू जास्त येते, जाड कमी. अरे, वाकवा ना मला! पण माझं मागे येणं धरून, प्रत्येक बाजू तिच्या मापाने थोडी जास्तच वाकवा. तेवढं डोकं कोण चालवणार? चुकलं की माणसाचा आधी हात चालतो.

“बसत कशी नाही बघतो!” थोरल्याने घण उचलला. दण! दण! चौथ्या घावाला मी सांध्याच्या कडेने टरकन फाटलो. उसळलेली कड धाकट्याच्या मनगटात घुसली. रक्ताने मी न्हालो.

“मुद्दाम केलंस!”

“केलं! काय करशील?”

धाकट्याने दुसऱ्या हाताने मोठा पाना उचलला. थोरल्याने घण खाली ठेवला नाही.

कोपऱ्यात बापाजवळ बसलेली आई उठली. कोणाला आवरलं नाही, रडली नाही. प्रेसचं बटण दाबलं. चाक घरघरू लागलं; आता खालच्या पेडलवर पाय पडला की साचा खाली आपटणार. तिने बाही वर सारली आणि माझ्याखालच्या फटीतून हात कोपरापर्यंत साच्याखाली घातला.

पाना हवेतच राहिला.

“हात आत गेलाय माझा, आता पेडलवर पाय कोण देतोय, थोरला की धाकटा?”