थीलसाहेबांची सादब

साइव्हच्या धाकट्या भावाचं, मॅकदाराचं लग्न झालं आणि लग्नाचा केक बोटीतून आणताना समुद्राच्या पाण्याने भिजला, ते वर्ष एकोणीसशे एकाहत्तरचं. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी साइव्ह कुआनमोर गावातल्या ब्रशच्या नव्या कारखान्यात रांगेत उभी होती. पायात लग्नातलेच बूट होते आणि ते चावत होते.

समोर खोक्यावर उभा राहून जर्मन साहेब हजेरी घेत होता. विनफ्रीड थील त्याचं नाव. चाळिशीचा, उंच, शिडशिडीत. हातातली यादी सरकारी होती, सगळी नावं आयरिशमध्ये लिहिलेली. आमच्याकडे नाव लिहिताना अक्षरांची गर्दी होते आणि म्हणताना त्यातली निम्मी घरी बसतात. कोणती बसतात हे आईच्या दुधाबरोबर कळतं. साहेबाला ते कुठून कळावं? त्याच्या मुलखात कागदावरचं प्रत्येक अक्षर म्हणायचं असतं. त्याने एकही सोडलं नाही.

टाइगला तो 'तादग' म्हणाला. शिव्हॉनला 'सिओबहान'. मागच्या बाजूला कोणीतरी खोकल्याच्या आडून हसलं. मग तो म्हणाला, "सादब."

कोणी हललं नाही.

"सादब?" त्याने पुन्हा विचारलं.

आपल्यालाच बोलावतायत हे साइव्हच्या तेव्हा लक्षात आलं. तिने वर पाहिलं. त्याच्या सदऱ्याच्या बाहीवर इस्त्रीच्या दोन घड्या एकीशेजारी एक पडल्या होत्या. त्याने स्वतःच केलेली इस्त्री होती ती.

"हजर," साइव्ह म्हणाली.

संध्याकाळी घरी हे सांगितलं तेव्हा तिचा नवरा पेदर बटाटे सोलता सोलता थांबला.

"म्हणजे आजपासून मी सादबचा नवरा?"

"गप रे. उद्या सांगते त्यांना."

पण दुसऱ्या दिवशी तिच्या आधी टाइगने तोंड उघडलं. टाइग दणकट गडी, लाकडी मुठी घासायच्या यंत्रावर होता आणि जिभेला हाड नव्हतं. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "साहेब, माझं नाव टाइग. ते तादग वगैरे तुमच्या कुत्र्याला ठेवा." झालं. एकाने धीर केला म्हणताच सगळे पुढे सरसावले. शिव्हॉन, डनाखा, पाठोपाठ इतर. साहेब प्रत्येकाची माफी मागत होता आणि नावाशेजारी पेन्सिलीने काहीतरी लिहून घेत होता. शेवटी त्याने यादी खाली ठेवली. मान पार लाल झाली होती.

"म्हणजे मी एकही नाव बरोबर म्हटलं नाही?" त्याने विचारलं.

साइव्ह त्याच्या सगळ्यात जवळ उभी होती. हातात ब्रशच्या केसांची जुडी होती.

"माझं म्हटलंत ना," ती म्हणाली.

साहेबाने तिच्याकडे पाहिलं. "सादब?"

"सादब."

टाइगने तोंड उघडलं, साइव्हने त्याच्या पायावर बूट ठेवला, आणि ते तिथेच मिटलं.

एक आठवडा गेला, मग एक महिना. साहेबाच्या बायकोने कुआनमोरमधला एक हिवाळा काढला आणि ती जर्मनीला परत गेली ती कायमची. तो राहिला. बंदराच्या वर भाड्याच्या घरात एकटा. सकाळी कारखान्यात आला की पहिली हाक मारायचा, "गुड मॉर्निंग, सादब!" बाकीची नावं घेताना अजून चाचरायचा, मधेच थांबायचा, समोरच्याच्या तोंडाकडे बघायचा. या एका नावावर मात्र तो बेधडक उडी घ्यायचा. ते पाहिल्यावर कोण सांगणार?

साइव्हच्या बोटांना केस कळायचे. मुठीत जुडी धरली की चार केस कमी आहेत की चार जास्त, ते ती न मोजता सांगायची. साहेब पाहुण्यांना मुद्दाम तिच्या टेबलाशी आणायचा. एकदा इंग्लंडहून एक व्यापारी आला. त्याने कुठूनतरी विचारून घेतलं होतं, तो नीट म्हणाला, "हॅलो, साइव्ह."

"सादब," साहेब म्हणाला. "इथल्या लोकांची नावं फार जुनी आहेत. नीट म्हणायला हवीत."

शिव्हॉनने तोंडात रुमाल कोंबला आणि ती तडक मागच्या दाराने बाहेर गेली. पाऊण तास परत आली नाही.

असं सत्तावीस वर्षं चाललं.

साठ वर्षं पूर्ण झाली त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, साइव्ह कामावरून निवृत्त होणार होती. साहेबांनी जाहीर केलं की रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर गावच्या सभागृहात सगळ्यांना चहा, आणि ते स्वतः दोन शब्द बोलतील. तेही आयरिशमध्ये. महिनाभर ते घरी पाठ करत होते. भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याने ऐकलं होतं.

साइव्हची झोप उडाली. कारखान्यातली माणसं सवयीची झाली होती. पण सभागृहात सगळा गाव येणार. लांबचे भाऊबंद येणार. साहेब खोक्यावर उभे राहून छातीठोकपणे 'सादब' म्हणणार आणि दोनशे माणसं हसणार. सत्तावीस वर्षं गावात राहिलेला माणूस एका क्षणात गावाचा विनोद होणार, आणि तोही तिच्यामुळे.

तिने सायकल काढली. आठवडाभर ती दारोदार फिरली. "रविवारी कोणी हसायचं नाही. कोणी चूक काढायची नाही. माझी शपथ आहे." बायकांनी चहा पाजला आणि कबूल केलं. तिचा भाऊ मॅकदारा म्हणाला, "मला नुसता त्याचा आवाज आठवला तरी हसू येतं गं."

"मग तू येऊ नकोस."

"सख्ख्या बहिणीच्या निरोपाला?"

"मग तोंडात सँडविच कोंबून बस."

टाइग अंगणात नांगराला रंग देत होता. आता तो आजोबा झाला होता, पण जीभ तशीच होती.

"सत्तावीस वर्षं मी हे पोटात ठेवलंय," तो म्हणाला. "रविवारी बाहेर पडलं तर मी जबाबदार नाही."

"टाइग, हात जोडते."

"बघू," तो म्हणाला आणि रंगात ब्रश बुडवला.

सगळ्यात कठीण गेली तिची स्वतःची मुलगी. मुरिन गॉलवेत शाळेत शिकवायची, शुक्रवारी घरी आली आणि हे ऐकून तिने बॅग खाली आपटली.

"आई, हे तुझ्या आजीचं नाव आहे. तिला इंग्रजांच्या शाळेत सॅली म्हणायचे म्हणून ती रडायची, हे तूच सांगतेस ना? आणि तू एका परक्या माणसाला ते खुशाल मोडू देतेस?"

"त्यांनी मोडलं नाही गं. मीच दिलं."

"पण का?"

"त्या दिवशी त्यांच्याकडे दुसरं काहीच नव्हतं म्हणून."

"मी उभी राहून सांगणार आहे."

"नाव माझं आहे, मुरिन," साइव्ह म्हणाली. "कोणाला कसं म्हणू द्यायचं ते मी ठरवीन. तू गप्प बसायचंस."

मुरिन त्या रात्री जेवली नाही.

रविवारी सभागृह गच्च भरलं. हॅमची सँडविचेस, सफरचंदाचा केक, चहाची मोठी पातेली. साइव्ह पुढच्या रांगेत मांडीवर हात घट्ट धरून बसली होती. एकच माणूस तिच्या नजरेतून सुटला होता. नवे फादर. तीन आठवड्यांपूर्वीच ते दुसऱ्या परगण्यातून आले होते, तरुण होते, आणि चूक होऊ नये म्हणून त्यांनी मिस्साआधी पेदरला बाजूला घेऊन नाव दोनदा म्हणवून घेतलं होतं. पेदरने सवयीने खरं ते सांगितलं.

फादर उठले. "आज आपण सगळे जमलो आहोत," ते स्पष्ट आवाजात म्हणाले, "आपल्या साइव्हसाठी."

साइव्हने डोळे मिटले.

थीलसाहेब खुर्चीतून उठले. हळूच, फार अदबीने त्यांनी फादरच्या कोपराला हात लावला. "माफ करा, फादर. तुम्ही नवीन आहात. सादब."

फादर गोंधळले. "साइव्ह ना?"

"सादब. मलाही सुरुवातीला इथली नावं जमत नव्हती. वाईट वाटून घेऊ नका."

फादरनी सभागृहाकडे पाहिलं. कोणीतरी काहीतरी बोलेल अशी त्यांची अपेक्षा असावी. दोनशे माणसं चहाच्या कपात बघत होती. मॅकदाराच्या तोंडात सँडविच होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पेदरने बुटाची नाडी बांधायला घेतली. मुरिनचे ओठ पांढरे पडले होते. ती उठायला लागली, तेवढ्यात मागून एक खुर्ची कर्रकन सरकली. टाइग उभा राहिला होता.

साइव्हने मागे वळून पाहिलं.

"फादर," टाइग खणखणीत आवाजात म्हणाला, "साहेबांचं बरोबर आहे."

आणि खाली बसला.

मुरिनही बसली.

"अरेच्चा," फादर लाल होऊन म्हणाले. "माफ करा हं. आपल्या सादबसाठी."

मग साहेबांनी भाषण केलं. पाच मिनिटं. त्यातलं निम्मं कोणाला कळलं नाही, पण नाव अकरा वेळा आलं आणि एकदाही कोणी हसलं नाही. चहा संपल्यावर फादर बिचारे साइव्हपाशी येऊन म्हणाले, "मी तर तुमच्या नवऱ्याला विचारलं होतं हो."

"त्याला काय विचारता, फादर?" साइव्ह म्हणाली. "तो कधी कारखान्यात होता?"

पुढे साहेब दर गुरुवारी साइव्हकडे चहाला यायचे. फाटकाशी सायकलची घंटा, मग हाक. पेदर आतून ओरडायचा, "सादब, तुझे जर्मन आले!" मुरिन सुट्टीला घरी असली की हाक ऐकून उठायची आणि काही न बोलता किटली ठेवायची.

शेवटच्या वर्षी साहेबांचं डोकं चालेनासं झालं. ते जर्मनमध्येच बोलायचे, आणि ज्यांच्याशी बोलायचे ती माणसं कुठेच नसायची. साइव्ह दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसायची. ते तिला ओळखत नसत. ती वाकून त्यांच्या कानाशी सांगायची, "मी सादब," आणि ते मान हलवायचे, सकाळची हजेरी लागल्यासारखी.

त्यांना कुआनमोरमध्येच पुरलं. जर्मनीहून त्यांची बहीण आली होती, ऐंशीच्या पुढची, काठी टेकत. तोडक्यामोडक्या इंग्रजीत ती कबरीपाशी प्रत्येकाला विचारत होती. विनफ्रीडच्या पत्रांत एक नाव नेहमी असायचं. नाताळच्या प्रत्येक पत्रात. ती बाई इथे आली आहे का?

"सादब," म्हातारी म्हणाली. "सादब कोण?"

साइव्हने कोटाची कॉलर हातात धरली. वारा सुटला होता. शेजारी मुरिन उभी होती. तिने आईच्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे नेलं.

"ही," मुरिन म्हणाली. "ही माझी आई, सादब."

विनफ्रीड थील दोन हजार सहा सालच्या मार्च महिन्यात, नऊ तारखेला गेले. साइव्ह त्यांच्यामागे पाच वर्षांनी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, स्वतःच्या घरात गेली.