पंधरा घोड्यांचं दावं

रविवारी दुपारी चार वाजता ड्रायव्हिंग स्कूलची पांढरी छोटी गाडी मैदानाच्या टोकापासून सुटली. समोरचा सिमेंटचा चढ चढायला तिला एकोणीस सेकंद लागले. सव्वाचार वाजता तीच गाडी, त्याच खुणेपासून, तोच चढ चौदा सेकंदांत चढली. मधल्या पंधरा मिनिटांत तिच्या बॅटरीशेजारी साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी बसली होती.

दीडशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. घड्याळ लावणाऱ्याने हात उंचावून आकडा दाखवला.

"ही डबी घोडे देत नाही!" माइकवरून डबी विकणारे घोडेगुरू म्हणाले. "घोडे तुमच्या गाडीत आहेतच. कंपनीने बांधून ठेवलेत. का? महागडी गाडी खपावी म्हणून! मी फक्त दावं सोडतो. पंधरा घोडे, म्हणजे पंधरा हॉर्सपॉवर, तेही तुमच्या महिन्याच्या पेट्रोलच्या खर्चात!"

घोडेगुरूंचं शिक्षण कुठे झालं ते कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या सफारीच्या खिशात चार पेनं होती, एवढं लोकांना पुरलं.

त्यांचं बोलणं संपताच भोंग्यातून एका बाईचा आवाज आला. "मी स्वतः चालवली. गाडी खरंच ओढते. वीस वर्षं शिकवतेय, मला फरक कळतो."

तो आवाज जिचा होता ती त्या वेळी गाडीत, डाव्या सीटवर बसली होती. सगळे तिला बाई म्हणत. सहा रविवारांपूर्वी घोडेगुरूंची स्वतःची गाडी चालवून ती जे बोलली, ते नवऱ्याने रेकॉर्ड करून ठेवलं होतं. स्कूलचं ऑफिस तोच सांभाळायचा आणि डबीची एजन्सीही त्यानेच घेतली होती. बॅनरवर बाईंचा फोटो होता. आजवर एकेचाळीस गाड्यांत डबी बसली होती, ती बाईंच्या शब्दावर.

आज स्टिअरिंगवर पोस्टमास्तर होते. निवृत्त झाल्यावर हौसेने शिकायला आलेले, बाईंचे सर्वांत म्हातारे विद्यार्थी.

"बाई, तीन महिन्यांत मला रिव्हर्स येईना, आणि आज एकदम घोडदौड! डबी आधीच द्यायची होती की."

बाई हसल्या नाहीत. त्या पोस्टमास्तरांच्या उजव्या पायाकडे बघत होत्या.

शिकवणाऱ्याची नजर रस्त्यावर कमी आणि शिकणाऱ्याच्या पायावर जास्त असते. पोस्टमास्तरांच्या पायाची खोड त्यांना पाठ होती. घाबरले की ते अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबत. चारच्या फेरीतही त्यांनी तसाच दाबला होता, मांडी ताठ झाली होती. इंजिन मात्र अर्ध्या पायाच्या आवाजात कण्हत होतं. ही गाडी बाईंची रोजची. पूर्ण दाबलेल्या पायाला ती कसा आवाज देते, ते त्यांना झोपेतही कळलं असतं.

सहा रविवारांपूर्वीची गाडी परकी होती आणि पाय स्वतःचे होते. आणि गाडी चालवताना पायाकडे बघायचं नाही, हा बाईंच्या शाळेचा पहिला नियम. म्हणून तेव्हा काही कळलं नव्हतं.

"मास्तर, पहिल्या फेरीआधी गुरूंनी खाली वाकून काय केलं?"

"गाडीची नाडी बघितली म्हणे."

"आणि दुसरीआधी?"

"चपला काढायला लावल्या. पायाखालचं मॅट उचलून नेलं. पायाला नाडी लागायला हवी ना! एसी बंद, काचा खाली. गाडीला श्वास घेऊ दे म्हणाले. मी म्हटलं, मलाही घेऊ द्या."

बाई उतरल्या आणि सरळ घोडेगुरूंच्या टेबलामागे गेल्या. मॅट तिथे घडी करून ठेवलेलं होतं. उलटून पाहिलं. खालच्या बाजूला दोन बोटं जाडीचा रबराचा तुकडा चिकटवलेला होता, आणि त्यावर पेडलच्या मागच्या बाजूचा वळ स्पष्ट उमटला होता.

खिशातला फोन त्यांनी काढला तो तेव्हा. धाकट्या दिराचा तीन वाजताचा मेसेज त्यांनी दुपारी नुसता वाचून ठेवला होता. "वहिनी, आईला आणि हिला घेऊन घाटाने निघालोय. डबी आहे, आता ट्रकमागे रांगायचं नाही. तुमची कृपा!"

फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. तेच.

निघावं म्हणून त्या वळल्या. चढापासून फाटकापर्यंत डबीवाल्यांच्या गाड्या आरशाला आरसा लावून उभ्या होत्या. सायकलही बाहेर पडली नसती.

"अहो, ऐका." त्यांनी नवऱ्याला बाजूला घेतलं आणि मॅट हातात दिलं. "पेडल खाली जाऊ नये म्हणून हे. डबी काही करत नाही."

नवऱ्याने तुकडा दाबून पाहिला. कान लाल झाले. "आत्ता नको. लोक जाऊ देत. उद्या बघू."

"भावोजी घाटात आहेत. सासूबाई आहेत गाडीत."

"तो जपून चालवतो."

"जपून चालवायचे. माझा आवाज ऐकेपर्यंत."

बाई माइककडे निघाल्या. नवरा घाबरला आणि त्याने घाबरलेला माणूस करतो तेच केलं, हाताशी होतं ते बटण दाबलं. "मी स्वतः चालवली. गाडी खरंच ओढते." बाई बोलत होत्या आणि भोंग्यातल्या बाई त्यांच्यावरून ओरडत होत्या. एकाच बाईंचे दोन आवाज, आणि मोठा तो खोटा.

शेवटी पोस्टमास्तरांनी अनवाणी जाऊन भोंग्याची वायर उपटली.

"मी चुकले," बाई म्हणाल्या. माइकशिवाय. "आता बघा. मास्तर, बसा."

बाईंनी डबी काढून बॉनेटवर ठेवली आणि मॅट काढलेलंच राहू दिलं. एसी बंद. चौदा सेकंद.

मग डबी परत बसवली, दिवा हिरवा लागला. मॅट आत, एसी चालू. एकोणीस सेकंद.



"गुरुजी," गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "घोडे डबीत की मॅटमध्ये?"

"शंका आली की घोडे बिथरतात!" घोडेगुरू म्हणाले. "बाईंच्या मनाचा परिणाम मशीनवर—"

"मनाचा परिणाम स्टॉपवॉचवर पण होतो काय हो?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

एका गॅरेजवाल्याने पाना घेऊन डबी फोडली. आत एक हिरवा दिवा, दोन वायरी आणि वजनाला वाळू. घोडेगुरू त्यांच्या गाडीकडे निघाले, पण डबीवाल्यांच्या गाड्यांनी त्यांचीही वाट अडवली होती.

"पण माझी गाडी पळते हो बाई!" एक जण तक्रारीच्या सुरात म्हणाला. "आता तर तिच्यात मॅटही नाही."

"म्हणूनच. गुरूंनी काढायला लावलं, तेव्हापासून पाय जास्त खाली जातो. काचा उघड्या, एसी बंद, आणि पळावी असं मनात. डबी गाडीत बसलेली नाही दादा, तुमच्या पायात बसलीय. समोरून ट्रक येईल तेव्हा हे पंधरा घोडे येणार नाहीत." बाईंनी श्वास घेतला. "छोट्या गाडीला ताकद हवी असेल तर एअर फिल्टर साफ करा, टायरमध्ये नीट हवा भरा, डिकीतलं भंगार उतरवा. नवे घोडे मिळणार नाहीत, हरवलेला एखादा परत येईल. आणि कुणी चमत्कार दाखवला तर आकडा बघून टाळ्या वाजवू नका. आधी आणि नंतर यांच्यात काय काय बदललं ते सगळं लिहून काढा. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. मी ते केलं नाही. मी शिकवणारी असून केलं नाही."

काहींनी तिथेच बॉनेट उघडली. काही जण मान हलवत, डबीसकट, गाड्या काढायला लागले. पोस्टमास्तर फाटकात उभे राहून प्रत्येक काचेवर टकटक करत होते. "ओव्हरटेक करू नका हं. घोडे नाहीत."

नवरा भिंतीशी उकिडवा बसून फोन लावत होता. घाटाच्या पायथ्याचा पंक्चरवाला एकदाचा लागला. राखाडी छोटी गाडी? हो, पाच वाजून दहा मिनिटांनी वर गेली. काचा खाली होत्या. पुढे सिमेंटचा ट्रक होता, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने.

माथ्यावरच्या नाक्याचा नंबर मिळायला आणखी अर्धा तास गेला. बाई शेजारी उभ्या होत्या, गाडीतून काढलेलं मॅट पुन्हा त्यांच्या हातात होतं.

सहा वाजता नाक्यावरचा माणूस बोलला. सिमेंटचा ट्रक पाच मिनिटांपूर्वी पोचला आहे. ड्रायव्हरला मागून दोनदा हॉर्न ऐकू आला होता. पुढे गेलेली गाडी त्याने पाहिलेली नाही. राखाडी गाडी अजून नाक्यावर आलेली नाही.