लिमाच्या पाहुण्यांचं यकृत

झुल्मा बेंतांकूर बाईंनी उमेदीची सगळी वर्षं एका धातूला वेसण घालण्यात घालवली होती. टेक्नेशियम त्याचं नाव. सहा तासांत निम्मा विरून जाणारा आणि अंगात टोचला तर वाट फुटेल तिकडे भटकणारा. बाईंनी त्याच्याभोवती रेणूंचं असं कडं बांधलं, की तो मुकाट रक्तातून हृदयात जाऊन बसे. मग हृदयाच्या कुठल्या भागाला रक्त कमी पडतंय, ते कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसे. मोंतेविदेओच्या त्या प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘बाईंचं कडं’ म्हणत. बाई ऐकून न ऐकल्यासारखं करत, पण मनातून फुलून जात.

आणि अशा सुखात पेरूतल्या लिमाहून डॉक्टर फेर्मिन उगार्तेचे नावाचे गृहस्थ येऊन टपकले. त्यांनी तिकडे हेच कडं बनवून पाहिलं होतं, आणि प्रत्येक चित्रात यकृतच झगमगून हृदयाला झाकून टाकत होतं. माणूस सभ्य, पण तोंडाने फटकळ.

“बाई, तुमच्या शोधनिबंधात हृदय दिसतं, आमच्या पडद्यावर दिसत नाही. एकतर पेरूच्या लोकांना हृदय नसावं, नाहीतर...”

“नाहीतर मी थापा मारते. बोला की. एवढ्या लांब आलात ते अडखळायला?”

“निबंध मागे घ्या, एवढंच म्हणतो. आपणहून घेतलात तर अब्रू राहील.”

बाईंना संताप आला, आणि संतापापेक्षा जास्त भीती वाटली. निबंध गेला तर कडं गेलं, आणि कडं गेलं तर इतकी सगळी वर्षं गेली.

“तुम्हीच झोपा कॅमेऱ्याखाली,” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळी या, उपाशीपोटी.”

“येतो,” उगार्तेचे म्हणाले. पैज लावल्यासारखे दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

सकाळी कॅमेरा सांभाळणाऱ्या वॉशिंग्टनने गायीची धार काढली. गाय म्हणजे शिशाचा जाड डबा. ताजं टेक्नेशियम रोज त्यातून काढावं लागतं. बाईंनी स्वतः कडं बांधलं, पाहुण्यांनी संमतीवर सही केली, आणि सुई टोचून झाली. मग तासभर नुसतं बसायचं. बाईंनी नेहमीसारखा थर्मास उघडला, पोकळ भोपळ्यात भरलेल्या माटेच्या वाळक्या कडू पानांवर गरम पाणी ओतलं आणि चोखायच्या नळीसकट भोपळा पुढे केला.

उगार्तेचेंनी नुसता वास घेतला. “नको. गवताचा काढा मला जात नाही.”

बाईंना ते लागलं. पण त्यांनी आणि वॉशिंग्टनने मिळून थर्मास संपवला.

तासाभराने चित्र आलं. यकृत नुसतं तळपत होतं, आणि हृदयाची खालची बाजू त्या झळाळीत पार बुडाली होती. उगार्तेचे जिंकल्यासारखे हसले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. त्यांनी नुसती बाही खाली केली.

“इथे असं कधीच झालं नाही, बाई,” वॉशिंग्टन पुटपुटला.

गाय तीच, कडं तेच, कॅमेराही तोच. बाईंनी पाहुण्यांना विचारलं, “सकाळपासून पोटात काय गेलंय?”

“काही नाही. उपाशी या म्हणालात ना?”

बाई वॉशिंग्टनकडे वळल्या. “आणि आपली माणसं तपासणीला उपाशीच येतात ना?”

“उपाशी म्हणजे उपाशी. कडक.”

“माटे?”

“माटे तर घेणारच. माटे म्हणजे काय खाणं झालं का?”

बाईंनी कपाळाला हात लावला. एकूण एक माणूस माटे पिऊन या टेबलावर झोपला होता, आणि बहुतेकांना ते त्यांनीच पाजलं होतं. कडू माटेने पित्त वाहतं, आणि वाहत्या पित्ताबरोबर यकृतात अडकलेलं टेक्नेशियम खाली निघून जातं. झाडू मारत होतं माटे आणि मिरवत होत्या बाई.

“म्हणजे निम्मं श्रेय चहाचं,” उगार्तेचे पहिल्यांदाच हसले.

“चहा म्हणू नका,” वॉशिंग्टनने बजावलं.

“प्या,” बाईंनी नवा भोपळा भरला. “हा पाहुणचार नाही, प्रयोग आहे.”

पाहुण्यांनी एरंडेल घेतल्यासारखी तोंडं करत ते संपवलं. तिसऱ्या भोपळ्याला तोंड वाकडं करायचंही विसरले.

परत कॅमेरा फिरला. यकृत विझत गेलं आणि हृदय वर आलं, स्वच्छ, गोल. वॉशिंग्टनने टेबलावर थाप मारली. बाई हसत पडद्याजवळ गेल्या आणि तिथेच थांबल्या. मघाशी यकृताने झाकलेल्या बाजूला, अगदी खाली, काळा डाग होता. तिथे रक्त पोचत नव्हतं.

“दिसलं का?” टेबलावरून प्रश्न आला.

“दिसलं.”

कड्याने दाखवलेलं चित्र कुणी खोटं ठरवू नये म्हणून बाई जन्मभर झटल्या होत्या. आत्ता त्यांना मनापासून वाटलं, की कडं खोटं निघावं, एकदाच. त्यांनी पडदा पाहुण्यांकडे वळवला.

उगार्तेचेंनी डागाकडे बोट केलं. “हे माझं?”

“आणखी तपासण्या केल्याशिवाय...”

“बाई, मीही हेच काम करतो. लिमात हे मला कधीच दिसलं नसतं.” ते टेबलावर उठून बसले. “निबंध मागे घेऊ नका. त्यात फक्त माटेचं लिहा.”

“लिहिते,” बाई म्हणाल्या. एका हाताने त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला आणि दुसऱ्या हाताने पाहुण्यांचा हात धरला. पलीकडून कुणी बोलेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.