मागे ऐकू येणारा श्वास

चाकणला आमच्या तालमीमागच्या पडवीत वडील मुलींना सूर्यनमस्कार शिकवत. मुली लाजत म्हणून ते पाठ करून बसत आणि नुसत्या श्वासावरून चूक सांगत.

ते गेल्यावर पाचव्या सकाळी एकटी सगुणा आली. पंधरा वर्षांची. माझे काका दारातच उभे होते.

"घरात सुतक हाय. आन् तुला काय पैलवान व्हायचंय व्हय?"

सगुणाची मान खाली गेली. आज ती परत गेली असती, तर पुन्हा आली नसती.

मी तिला आत घेतलं आणि वडिलांच्या पाटावर बसले, तिच्याकडे पाठ, काकांकडे तोंड करून. काका हलले नाहीत. मागे बराच वेळ काहीच ऐकू येईना.

मग एक लांब श्वास आत गेला.

"खांदे सैल सोड," मी म्हणाले.