विषय : हरकतीबाबत

आमच्या गावाचं नाव सांगत नाही, कारण अजून त्याच गावात राहायचं आहे. रहिमतपूरहून फार लांब नाही, एवढं पुरे. गावाच्या कडेला आमची नवजीवन कॉलनी, एकोणतीस घरांची. मी धोंडीबा खरात, तहसील कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, आणि त्या पापाचं फळ म्हणून कॉलनीचा सेक्रेटरी. मला कुणी विचारलंही नव्हतं. खरात भाऊसाहेबांचा मसुदा चांगला असतो, असं कुणीतरी म्हणालं आणि दप्तर माझ्या घरी आलं.

शहाण्णवच्या जानेवारीत नगरपालिकेनं विकास आराखडा लावला. कचेरीच्या भिंतीवर भला मोठा रंगीत नकाशा. राहायची घरं पिवळ्यात, दुकानं निळ्यात, कारखाने जांभळ्यात, शेती हिरव्यात. आठ दिवस गावात कुणी कुणाची खुशाली विचारली नाही. "तुमी कशात?" एवढंच विचारायचे. "पिवळ्यात." "बरं हाय गड्या, आमचं परसदार हिरव्यात गेलं." आम्ही सगळे पिवळ्यात होतो, तेव्हा आम्हाला सुखानं झोपायला काही हरकत नव्हती.

पण नकाशासोबत नियमही होते. त्यात एक असा, की पिवळ्यात मोठ्या मोटरीचं यंत्र चालणार नाही. आधीपासून असेल तर शेजाऱ्यांची हरकत नसेल तरच राहील. कॉलनीत असं यंत्र एकच होतं, शाहजादीभाभीचा डंक.

डंक म्हणजे मिरची कांडायचं यंत्र. लोखंडी मुसळं पट्ट्यावर वरखाली होतात आणि खाली उखळात मिरची, धने, खोबरं, कांदा, लसूण यांची चटणी होते. आमच्याकडं चटणी म्हणतात ती हीच, वर्षभराची. ती बरणीत नसेल तर घरात भाजी शिजत नाही. आणि भाभीच्या हातची चटणी अशी, की पुण्यामुंबईला गेलेली आमची पोरं जाताना दुसरं काही नेत नसत.

भाभीचा नवरा मोहिद्दीन मणेर ट्रक चालवायचा. पाठीच्या मणक्यातून गेला आणि खाटेवर पडला. तेव्हा तिनं पुढच्या खोलीत डंक बसवला. फाल्गुन ते वैशाख मशीन चालायचं, त्यावर वर्ष निघायचं. मधनंच उठून ती आतल्या खोलीत नवऱ्याला कूस बदलून देई, पाणी पाजी आणि परत उखळाशी येऊन बसे. मुलगी कशिश सांगलीला नर्सिंग शिकत होती, दोन वर्षं झाली होती, एक राहिलं होतं.

बाकी खरं सांगायचं तर ते तीन महिने कॉलनीला ठसका लागे. माझी मागची खिडकी बरोब्बर डंकाकडं उघडते. उघडते कसली, होळीला बंद केली की पावसातच उघडायची. शिंका, डोळ्यांची आग आणि दिवसभर ते धाड धाड. पण मी कधी एका शब्दानं बोललो नाही. त्याचा मला थोडा गर्वच होता.

मीटिंग भरली ती पाण्याच्या टाकीखाली, रविवारी संध्याकाळी. एका रविवारी संपली असती तर ती आमची कॉलनी कसली. चार रविवार चालली. सुरुवात केली सुभेदार अर्जुना शेंडग्यांनी.

"रूल म्हंजे रूल," ते उभे राहून म्हणाले. "पिवळ्यात मशीन न्हाई म्हंजे न्हाई. माझ्या घरात दम्याचं मानूस हाय. उन्हाळाभर तिला दार लावून कोंडून ठेवतो मी. ही काय जिंदगी हाय?"

त्यांचं खोटं नव्हतं. त्यांच्या बायकोचा, राहीबाईंचा, दमा सगळ्यांना माहीत होता.

मग ज्योतिबा मास्तरांनी शंका काढली, की यंत्राला बंदी तर उद्या शिकवणीला का नाही, कारण त्यांच्या ओसरीवर रोज चाळीस पोरं पाढे ओरडतात. त्यावर एक रविवार गेला. दुसरा रविवार कुणाच्या तरी म्हशीवर गेला. म्हैस निवासी की व्यापारी, हे ठरेना. मी कार्यवृत्त लिहीत होतो आणि मनात म्हणत होतो, नोकरी परवडली, तिथं निदान पाच वाजता सुटका होती.

चौथ्या रविवारी भाभी बोलली. तोवर ती मागं नुसती बसून असे.

"आवं, मी धा ते पाचच चालीवते. दाराला वलं पोतं लावते. आनी काय करू सांगा," ती म्हणाली. "जांभळ्यात जावा म्हंता. जांभळं हितनं चार मैल. मी तितं मिरची कांडायची आनी हितं मालकास्नी पानी कोन पाजनार? कशिशला शिकणं सोडून घरी बसवावी लागंल. दुसरं कोन हाय मला?"

सुभेदार पुन्हा उठायला लागले, तोच बायकांच्या बाजूनं राहीबाई बोलल्या. धाप लागत होती, तरी बोलल्या. "माझा दमा माझा हाय. त्याचं नाव फुडं करून कुनी बोलू नगा. चटणी तिचीच खाताय न्हवं? मग बसा खाली."

सुभेदार बसले. पलटणीत त्यांनी काय हुकूम सोडले असतील ते असोत, घरातला हुकूम ऐकायची त्यांना सवय होती.

मग एकेक जण म्हणाला, "आमची काय हरकत न्हाई." मास्तर म्हणाले. म्हशीवाले म्हणाले. कुणी वर बघून म्हणालं, कुणी घड्याळाकडं बघून. हरकत नाही म्हणजे काही हो नव्हे. चहा घेणार का म्हटल्यावर नको असलेला माणूसही म्हणतो, हरकत नाही. पण कागदावर ते चालतं, आणि चार रविवारांनी आम्ही सगळेच पेंगुळलो होतो.

मसुदा अर्थातच मी केला. सायक्लोस्टाइल करून अठ्ठावीस प्रती काढल्या, घरटी एक. "नवजीवन कॉलनीतील श्रीमती शाहजादी मणेर यांचे मिरची कांडप यंत्र चालू ठेवणेस आमची कोणतीही हरकत नाही." खाली सही नाहीतर अंगठा. सुभेदारांच्या घरून राहीबाईंनी सही केली, सुभेदारांनी केली नाही. नगरपालिकेच्या फलकावर "हरकती व सूचना मागविणेत येत आहेत" असं होतं, म्हणून मी वर ठसठशीत अक्षरात लिहिलं, "विषय : हरकतीबाबत." अर्जाला विषय नसेल तर माझ्या हाताला चैन पडत नाही. गठ्ठा स्वतः नेऊन दिला, पोच घेतली.

पंधरा दिवसांनी यादी लागली. त्यात नवजीवन कॉलनी, मिरची कांडप यंत्र, प्राप्त हरकती अठ्ठावीस. पहिलं नाव माझं.

मी धापा टाकत आत गेलो. टेबलावर एक तरुण कारकून होता, सभ्य होता बिचारा. त्यानं फाइल काढली, अर्ज वाचला आणि कपाळाला हात लावला.

"भाऊसाहेब, ढिगानं अर्ज आल्यात. विषय बघून नोंद करतो आमी. तुमी विषयच हरकतीचा टाकलाय. आत कोन वाचतंय?"

विषय वाचा, नोंद घ्या, पुढं सरका, हे मीच चौतीस वर्षं नव्या पोरांना शिकवत आलो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

"मग आता?"

"मंगळवारी अकराला सुनावणी हाय. ज्यांच्या सह्या हायत त्यांनी सोता येऊन सांगायचं, आमची हरकत न्हाई म्हनून. लगेच कमी करतो. सोप्पं हाय."

सोपंच होतं. मी त्या संध्याकाळपासून दारोदार फिरलो. पहिल्या घरी मला वाटलं होतं, माणूस हसेल आणि येतो म्हणेल. हसला. मग म्हणाला, मंगळवारी जतला भाच्याचं लग्न आहे. दुसऱ्याला कचेरीच्या जिन्यानं गुडघे दुखतात. मास्तर म्हणाले, "तुमी लिवलंय न्हवं भाऊसाहेब, तुमीच निस्तरा की." म्हशीवाले नुसते म्हणाले, "झालं ते झालं. आता कशाला?"

सातआठ घरं झाल्यावर मला कळायला लागलं. कुणीच चिडलं नव्हतं. नगरपालिकेनं आपल्या नावावर भलतंच लिहिलं म्हणून कुणी शिवी दिली नाही. उलट दार लावताना प्रत्येकाचा चेहरा जरासा सैल झालेला होता. भाभीच्या तोंडावर कुणाला नाही म्हणायचं नव्हतं आणि ते त्यांच्या वतीनं परस्पर झालं होतं, माझ्या हातून. मला फार राग आला. पण कंटाळा त्याहून जास्त आला. शेवटच्या पाच घरांत मी गेलोच नाही, वाटेत शेजाऱ्यांबरोबर निरोप दिला.

भाभीला सांगायला मात्र जावंच लागलं. ती उखळ पुसत होती. सीझन तोंडावर आला होता. मी सगळं सांगितलं, विषय कुणी लिहिला तेही सांगितलं.

"म्हंजे कुनाची हरकत न्हाई, आनी सगळ्यांची हाय," ती म्हणाली.

"चूक माझी आहे, भाभी. मंगळवारी लोक येतील."

"येत्याल की," ती म्हणाली आणि परत पुसायला लागली. आतून मोहिद्दीननं पाणी मागितलं, तशी उठली.

मंगळवारी मी दहालाच गेलो. भाभी आणि सांगलीहून आलेली कशिश बाकावर बसल्या होत्या. अकरा वाजले, सव्वाअकरा वाजले. जिन्यात पावलं वाजली की कशिश मान वर करायची. साडेअकराला एक माणूस खरंच आलं, राहीबाई. एकेका पायरीवर थांबत, पदर तोंडाला लावून, हातात दम्याचा पंप घेऊन. मागं सुभेदार, त्यांची पिशवी धरून. त्यांना कसलीही सही करायची नव्हती, बायकोला स्कूटरवरून आणायला ते आले होते.

"बाकीचे?" सुभेदारांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी कशिशकडं पाहिलं आणि मग खाली बघत राहिले. भरल्या सभेत हरकत घेतली होती ती या एका माणसानं, आणि यादीत नाव नव्हतं तेही यांचंच.

राहीबाईंनी सांगितलं, मी सांगितलं. अठ्ठावीसातले दोन कमी झाले. सुनावणी घेणारे साहेब चांगले होते, त्यांनी फाइल दोनदा चाळून पाहिली. "सव्वीस हरकती आहेत हो," ते म्हणाले. "मी काय करू?" शिमग्याच्या आत यंत्र हलवायचा हुकूम झाला.

डंक जांभळ्यात गेला. कशिशनं नर्सिंग सोडलं. आता ती घरी असते, वडिलांना कूस बदलून देते, आणि जे शिकली त्यातलं तेवढंच कामी येतं. संध्याकाळी तिच्याशी बोलायला कुणी थांबत नाही, सगळे घाईत असतात. माझी मागची खिडकी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा उघडी राहिली. छान वारा येतो. त्या वाऱ्यात पडल्या पडल्या मी खूपदा तो अर्ज आठवतो. अर्जाचा विषय "यंत्र चालू ठेवणेबाबत" असा हवा, हे उमेदवार कारकुनालाही कळतं. मला चौतीस वर्षांत कधी विषय चुकला नव्हता. मग तो एकच कसा चुकला, याचं उत्तर मला नको आहे, म्हणून मी कूस बदलतो.

वैशाखात मिरची घेऊन गेलोच शेवटी, एस.टी.नं. दुसरीकडची चटणी घरात कुणी खाईना. पत्र्याच्या शेडमध्ये भाभी एकटीच होती, तोंडाला ओढणी बांधलेली, डोळे लाल. पुढं कॉलनीतल्याच चार पिशव्या रांगेत होत्या. मास्तरांची मी लगेच ओळखली.

"या भाऊसाहेब, बसा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, मी नीट ऐकलं. "नंबरानं घेते. जरा येळ लागंल. हरकत न्हाई न्हवं?"

"हरकत नाही," मी म्हणालो.